सावली खंय होई

मालवणच्या दुकानदारानं मोबाईलवर
अकरा चित्रं पाठवली.
लाल त्रिकोण, मोतिया त्रिकोण,
एकावर एक चढलेले दोन त्रिकोण, खाली पांढऱ्या खुर्च्या,
आणि कुठंच एक माशी नाही.
मला त्रिकोणच हवा होता.
तोंडवळीत, दर्याकडे तोंड केलेल्या खळ्यात
दुसरं काय शोभणार? शिडासारखं शीड.
सहा टेबलं मी टेपनं मोजूनही ठेवली होती.

सगुण तारी आला, वहाणा बांधाशी काढून.
ऐंशीच्या घरातला माणूस,
तळहातावर दाभणाचा घट्टा, अजून न विरलेला.
चित्रं त्यानं हात लांब करून पाहिली
आणि मोबाईल परत दिला.
"त्रिकोण वारो धरूक असता, झिला.
तुका ह्या खळा घेवन खंय जावचा हा?"

मी हसलो. तो हसला नाही.
"सावली खंय होई, ता सांग आधी."
मी वर बोट केलं, दोन माडांच्या मधे.
"ती कापडाची जागा. सावलीची सांग."

मग तो दिवसभर खळ्यातच राहिला.
चार बांबूंवर जुनी चादर ताणली,
आणि तिच्या सावलीभोवती तासातासाला
चुन्याच्या फक्कीची रेघ.
सकाळी दहाला सावली दर्याकडे कललेली.
एकला टेबलांच्या जवळपास, पण टेबलांवर नाही.
तीनला तुळस ओलांडून
विहिरीच्या कठड्याशी.
चादर एक. जमिनीवर मात्र सावल्यांची
भलतीच वस्ती.

कठड्याशी द्वारकाकाकी बसते.
अडीच ते पाच, आडाळ्यावर,
डोक्यावर ओला टॉवेल,
पुढ्यात रात्रीच्या ताटांचे बांगडे.
सात वर्षं बसते.
माझी टेप तिथवर गेली नव्हती.

सगुणनं काही विचारलं नाही.
तेवढा कोपरा कापडात दीड हात लांबवला.

"माडाक बांधू नको.
माड हलता. भिंत हलना नाय.
दोघांच्या मधी कापाड फाटता."
(आत बायकोनं पातेलं जरा जोरातच ठेवलं.)
म्हणून लोखंडी खांब, कमरेइतके वाळूत पुरलेले.
दोन कोपरे उंच, समोरासमोरचे; दोन खाली.
सपाट ताणशील तर वाऱ्याचा ढोल होईल, म्हणाला.
आणि कडा सरळ नाहीत,
आत चंद्रासारख्या खाल्लेल्या,
कारण सरळ कड चार दिवसांत जीभ काढते.
असं ते झालं: चार कोनांचं,
एक कोन दुसऱ्याच्या ओळखीचा नाही,
दुकानाच्या कुठल्याच चित्रात नसलेलं.
खरं सांगू? पहिले आठ दिवस मला ते कुरूपच वाटलं.

साताऱ्याच्या पाहुण्यांनी तक्रार केली,
खालचा कोपरा सूर्यास्त झाकतो.
हे सगुणला आधीच ठाऊक असावं.
त्या कोपऱ्याला त्यानं सरगाठ दिली होती.
पावणेसहाला काकी हात धुऊन येते,
दोरी ओढते,
कोपरा सुटून वर जातो
आणि टेबलांवरचे सगळे मोबाईल त्याच्या मागोमाग.
ती सूर्याकडे बघत नाही.
दिवसभर बघितलेलाच असतो.

आगोटीआधी उतरवून, घडी घालून
पोटमाळ्यावर ठेवा, असंही तो सांगून गेला.
मजुरी घेतली, सुतळीचे पैसे घेतले नाहीत.

एक विचारायचं राहून गेलं.
थंडीच्या दिवसांत, चारच्या सुमाराला,
त्या वाकड्या कापडाचे दोन कोपरे
सावलीत एकावर एक येतात
आणि विहिरीपाशी, ओल्या खवल्यांवर
चक्क त्रिकोण पडतो.
त्यानं मुद्दाम बेतला, की सूर्याचं आपलं काहीतरी?
काही मिनिटंच. टोक कठड्याकडे.
काकी आडाळ्यासकट थोडी सरकते,
उन्हात राहिलेला डावा पाय
आत ओढून घेते.